इमोजेन कनिंगहॅम

इमोजेन कनिंगहॅम (१२ एप्रिल १८८३, पोर्टलँड, ओरेगॉन – २३ जून १९७६, सॅन फ्रान्सिस्को, कॅलिफोर्निया) या अमेरिकन छायाचित्रकार होत्या. फुले व वनस्पती यांची अतिशय जवळून घेतलेली छायाचित्रे, व्यक्तिचित्रे आणि मानवी देहाची छायाचित्रे यांसाठी त्या ओळखल्या जातात. त्यांची कारकीर्द सुमारे सत्तर वर्षांची होती. तीन लहान मुलांच्या संगोपनामुळे घराबाहेर पडणे कठीण झाले असता, १९२०च्या दशकात त्यांनी घरच्या बागेतील वनस्पतींची छायाचित्रे घेतली. पुढे हीच छायाचित्रे विसाव्या शतकातील छायाचित्रणकलेत महत्त्वाची मानली गेली. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या 'ग्रुप एफ/६४' या छायाचित्रकारांच्या गटाच्या त्या संस्थापक सदस्य होत्या.

प्रारंभिक जीवन

कनिंगहॅम यांचे वडील आयझॅक बर्न्स कनिंगहॅम हे स्वतंत्र विचारांचे व शाकाहारी होते. विल्यम शेक्सपिअर यांच्या 'सिम्बेलिन' या नाटकातील नायिकेवरून त्यांनी मुलीचे नाव इमोजेन ठेवले. दहा भावंडांच्या या कुटुंबाची आर्थिक स्थिती बेताची होती. इमोजेन यांचे बालपण प्रामुख्याने सिअ‍ॅटल येथे गेले. मुलीचा चित्रकलेकडील ओढा पाहून वडिलांनी तिच्या कलाशिक्षणाची सोय केली.

१९०१च्या सुमारास इमोजेन यांनी पत्रद्वारा शिक्षण देणाऱ्या एका संस्थेकडून आपला पहिला कॅमेरा मागवला. काही काळाने त्यांचे छायाचित्रण थांबले. मात्र गर्ट्रूड केसबिअर या अमेरिकन छायाचित्रकार महिलेचे काम पाहून त्या पुन्हा त्याकडे वळल्या. घराच्या आवारातील सरपण ठेवण्याच्या शेडमध्ये वडिलांनी त्यांना डार्करूम बांधून दिली.

शिक्षण

सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात कनिंगहॅम यांनी रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेतला. छायाचित्रणाचा पाया रासायनिक प्रक्रियांत असल्याने ही निवड त्यांना उपयुक्त ठरली. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी त्या वनस्पतिशास्त्र विभागाकरिता वनस्पतींच्या पारदर्शिका तयार करत असत. वनस्पतींकडे बारकाईने पाहण्याची सवय त्यांना अशा रीतीने विद्यार्थिदशेतच लागली. छायाचित्रणाच्या आधुनिक प्रक्रियांवर प्रबंध लिहून त्यांनी १९०७ मध्ये पदवी मिळवली.

त्यानंतर त्यांनी अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या छायाचित्रांसाठी प्रसिद्ध असलेले एडवर्ड एस. कर्टिस यांच्या सिअ‍ॅटल येथील स्टुडिओत काम केले व तेथे प्लॅटिनम मुद्रणाचे तंत्र आत्मसात केले. १९०९ मध्ये शिष्यवृत्ती मिळाल्याने त्या जर्मनीतील ड्रेस्डेन येथे गेल्या. तेथील तांत्रिक विद्यापीठात रॉबर्ट लूथर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी छायाचित्रणाच्या रसायनशास्त्राचा अभ्यास केला आणि तपकिरी छटा देणाऱ्या प्लॅटिनम कागदाविषयी संशोधनपर लेख लिहिला. परतीच्या प्रवासात लंडन येथे अ‍ॅल्विन लँग्डन कोबर्न यांची, तर न्यू यॉर्क येथे आल्फ्रेड स्टिग्लिट्झ आणि केसबिअर यांची त्यांनी भेट घेतली.

सिअ‍ॅटल येथील स्टुडिओ

१९१० मध्ये कनिंगहॅम यांनी सिअ‍ॅटल येथे स्वतःचा स्टुडिओ उघडला. व्यक्तिचित्रे हे त्यांच्या उपजीविकेचे साधन होते. या काळातील त्यांची कलात्मक छायाचित्रे मृदू, किंचित धूसर आणि चित्रकलेच्या जवळ जाणाऱ्या शैलीतील होती. १९१३ मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी छायाचित्रण हा व्यवसाय म्हणून कसा आहे, या विषयावर लेख प्रसिद्ध केला. स्त्रीने घराबाहेर अर्थार्जन करावे, ही त्यांची भूमिका त्यात स्पष्ट होती.

१९१५ मध्ये त्यांचा विवाह धातूवरील कोरीव मुद्राचित्रे तयार करणारे कलावंत रॉय पार्ट्रिज यांच्याशी झाला. त्याच वर्षी माउंट रेनिअर परिसरात कनिंगहॅम यांनी पतीची नग्न छायाचित्रे घेतली. एका स्त्रीने पुरुषदेहाची अशी छायाचित्रे घेणे त्या काळी असाधारण होते. त्यांवर टीका झाली आणि पुढे अनेक दशके ती लोकांसमोर आली नाहीत.

कौटुंबिक जबाबदारी

डिसेंबर १९१५ मध्ये त्यांना ग्रिफिड हा मुलगा झाला. १९१७ मध्ये स्टुडिओ बंद करून त्या कॅलिफोर्नियात आल्या. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये रॉन्डल व पॅड्रिक या जुळ्या मुलांचा जन्म झाला. दोन वर्षांच्या आत त्या तीन मुलांच्या आई झाल्या. पार्ट्रिज चित्रांच्या निमित्ताने वारंवार प्रवासाला जात; त्यामुळे घर व मुले यांचा भार प्रामुख्याने कनिंगहॅम यांच्यावरच असे. १९२०च्या सुमारास पार्ट्रिज ओकलंड येथील मिल्स महाविद्यालयात अध्यापन करू लागले आणि कुटुंब त्या परिसरात स्थायिक झाले.

स्वतंत्र व्यवसाय, स्टुडिओ आणि ग्राहक हे सर्व मागे पडले होते. अनेक स्त्री-कलावंतांची कारकीर्द अशा टप्प्यावर संपुष्टात येत असे. कनिंगहॅम यांनी मात्र घर आणि बाग यांच्या मर्यादेत जे उपलब्ध होते, त्यालाच छायाचित्रणाचा विषय केले.

वनस्पतींची छायाचित्रे

कनिंगहॅम बागेत फुलझाडे लावत व मुलांचे सांभाळून त्यांची छायाचित्रे घेत. वनस्पतींकडे वळण्याचे कारण त्यांनी पुढे व्यावहारिक शब्दांत सांगितले आहे: मुले लहान असल्याने त्या घरात अडकून पडल्या होत्या आणि बाग हाताशी होती. या छायाचित्रांना त्यांनी कोणताही गूढ अर्थ चिकटवला नाही. तथापि घरकामाच्या गडबडीत एकाच फुलापाशी पुनःपुन्हा थांबणे, त्याचे उमलणे आणि कोमेजणे पाहणे यातून त्यांच्या कामाला जे स्थैर्य आले, ते पूर्वीच्या धूसर शैलीतील चित्रांपेक्षा वेगळे होते. घरातील धावपळीचा मागमूसही या छायाचित्रांत आढळत नाही.

मॅग्नोलिया हा त्यांचा सर्वाधिक गाजलेला विषय होय. हे झाड सोनचाफ्याच्या कुळातील आहे. त्याचे मोठे पांढरे फूल अल्पकाळच टवटवीत राहते आणि हाताळल्यास पाकळ्यांवर तपकिरी डाग पडतात. त्यामुळे छायाचित्रकाराला फुलाच्या वेळेनुसार काम करावे लागते. पांढऱ्या पाकळीवरील सूक्ष्म छटा टिपणेही कठीण असते. प्रकाश अधिक झाला तर पाकळी सपाट व कोरी दिसते, कमी झाला तर ती करडी होते. १९२३ ते १९२५ या काळात कनिंगहॅम यांनी या फुलाचा सातत्याने अभ्यास केला.

१९२५ मधील 'मॅग्नोलिया ब्लॉसम' या छायाचित्रात उमललेल्या फुलाने संपूर्ण चौकट व्यापली आहे. आकाश, फांदी किंवा बाग यांपैकी काहीही त्यात दिसत नाही. दर्शकाची दृष्टी पाकळ्यांच्या वळणांवरून मध्यभागीच्या पुंकेसरांकडे व स्त्रीकेसरांच्या शंकूकडे जाते. 'टॉवर ऑफ ज्युएल्स' या त्याच वर्षीच्या छायाचित्रात कॅमेरा याहूनही जवळ गेला असून केवळ तो शंकूच मनोऱ्यासारखा उभा दिसतो.

अळूच्या कुळातील कॅला लिली, तसेच कोरफड व घायपात यांच्या प्रजातींचीही छायाचित्रे त्यांनी घेतली. 'टू कॅलाज' या छायाचित्रात गडद पार्श्वभूमीवर दोन फुलांच्या वळणदार कडा उठून दिसतात. घायपाताच्या चित्रांत पानांची टोके व त्यांच्या सावल्या यांतून भौमितिक रचना साकारली आहे. या छायाचित्रांतील तपशील इतका स्पष्ट होता, की उद्यानविद्येच्या अभ्यासकांनाही ती उपयोगी पडली.

त्याच दशकात जॉर्जिया ओ'कीफ या भव्य आकाराची फुले रंगवत होत्या, तर जर्मनीत कार्ल ब्लॉसफेल्ट यांची वनस्पतींची छायाचित्रे १९२८ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. १९२९ मध्ये जर्मनीतील श्टुटगार्ट येथे भरलेल्या 'फिल्म उंड फोटो' या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी एडवर्ड वेस्टन यांनी कनिंगहॅम यांची १० छायाचित्रे निवडली. घराच्या अंगणातील कामाला त्यामुळे युरोपात ओळख मिळाली.

ग्रुप एफ/६४ आणि पुढील कारकीर्द

१९३२ मध्ये अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन, विलार्ड व्हॅन डाइक आदींसह त्यांनी 'ग्रुप एफ/६४' या गटाची स्थापना केली. कॅमेऱ्याच्या भिंगाचे छिद्र अगदी लहान ठेवल्यास जवळचे व दूरचे सर्व तपशील स्पष्ट उमटतात. त्या मापावरून गटाचे नाव पडले. चित्रकलेचे अनुकरण न करता स्वच्छ, रेखीव छायाचित्रण करणे हा गटाचा आग्रह होता. सॅन फ्रान्सिस्को येथील डी यंग संग्रहालयात नोव्हेंबर १९३२ मध्ये गटाचे पहिले प्रदर्शन भरले.

मुले मोठी झाल्यावर कनिंगहॅम यांनी पुन्हा व्यक्तिचित्रांकडे लक्ष वळवले. १९३१ मध्ये त्यांनी नर्तकी मार्था ग्रॅहम यांची छायाचित्रे घेतली. 'व्हॅनिटी फेअर' या मासिकासाठी त्यांनी चित्रपट कलाकारांचीही छायाचित्रे घेतली. त्या मासिकाच्या कामासाठी १९३४ मध्ये त्या न्यू यॉर्कला गेल्या. त्याच वर्षी त्यांचा व पार्ट्रिज यांचा घटस्फोट झाला. १९४०च्या दशकात त्यांनी कॅलिफोर्निया स्कूल ऑफ फाइन आर्ट्स या संस्थेत अध्यापन केले. १९४७ पासून त्या सॅन फ्रान्सिस्को येथील ग्रीन स्ट्रीटवरील घरात राहत होत्या.

उत्तरायुष्य

१९७० मध्ये कनिंगहॅम यांना गुगेनहाइम फेलोशिप मिळाली. तिचा उपयोग करून त्यांनी आपल्या जुन्या निगेटिव्हांवरून नव्या प्रती तयार केल्या. वयाच्या नव्वदीनंतर त्यांनी वृद्धांची छायाचित्रे घेण्याचा प्रकल्प हाती घेतला. हे काम सुरू असतानाच २३ जून १९७६ रोजी वयाच्या ९३व्या वर्षी त्यांचे निधन झाले. या प्रकल्पाचे 'आफ्टर नाइन्टी' हे पुस्तक १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले.

सन्मान आणि वारसा

१९६७ मध्ये अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ आर्ट्स अँड सायन्सेस या संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले. १९७० मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराने १२ नोव्हेंबर हा दिवस त्यांच्या नावे घोषित केला. त्यांच्या कामाच्या जतनासाठी १९७५ मध्ये विश्वस्त संस्था स्थापन झाली. २०२१–२२ मध्ये सिअ‍ॅटल आर्ट म्युझियम येथे आणि २०२२ मध्ये लॉस एंजेलिस येथील गेटी संग्रहालयात त्यांच्या समग्र कार्याचे प्रदर्शन भरले. त्यांचा मुलगा रॉन्डल पार्ट्रिज हाही पुढे छायाचित्रकार झाला.