मोगलीचा बाप

दूरदर्शनवर १९९३ साली रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ ही कार्टून मालिका सुरू झाली, तेव्हा जी मुले शाळेत होती ती आता चाळिशीच्या आसपास पोहोचली आहेत. मूळ जपानी असलेल्या या ५२ भागांच्या मालिकेला गुलजार यांचे हिंदी शीर्षकगीत, विशाल भारद्वाज यांचे संगीत आणि शेरखानसाठी नाना पाटेकर यांचा आवाज लाभला होता. टाळेबंदीच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, दूरदर्शनने ती पुन्हा दाखविली आणि एका पिढीने आपल्या मुलांना शेजारी बसवून ती पाहिली. लहानपणी सारे लक्ष बघीरा आणि शेरखानवर असे. आईबाप झाल्यावर ते वळते लांडगिणीकडे, दुसऱ्याचे पोर पोटाशी धरून वाघाला आडवी जाणाऱ्या त्या आईकडे. रुडयार्ड किपलिंगच्या लेखणीतून ही आई का उतरली, याचे उत्तर त्याच्या आयुष्यात सापडते.

किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत झाला. वडील जॉन लॉकवूड किपलिंग हे जे. जे. कला महाविद्यालयात शिल्पकला शिकवीत. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरील शिल्पपट्ट्या त्यांच्याच. छोटा रुडयार्ड वाढला तो पोर्तुगीज कॅथलिक आया आणि मीता नावाचा हिंदू नोकर यांच्या अंगाखांद्यावर. त्यांच्याशी तो हिंदुस्थानीत बोले आणि आईवडिलांपुढे जाताना मात्र त्याला इंग्रजीत बोलण्याची आठवण करून द्यावी लागे.

हे सुख सहा वर्षेही टिकले नाही. हिंदुस्थानातील हवा सोसत नाही आणि संगतीने मुले देशी वळणाची होतात, या समजुतीपोटी इंग्रज कुटुंबे आपली मुले विलायतेला धाडीत. १८७१ मध्ये पावणेसहा वर्षांचा रुडयार्ड आणि तीन वर्षांची बहीण ट्रिक्स यांना इंग्लंडमधील साउथसी येथे हॉलोवे नावाच्या कुटुंबात पैसे देऊन ठेवण्यात आले. हे घर सापडले होते वर्तमानपत्रातील जाहिरातीवरून. आईवडील मुलांना काहीही न सांगता मुंबईला परतले. पुढची साडेपाच वर्षे घरमालकिणीचा जाच, मारहाण आणि नरकाची भीती यांत गेली. मुलाची दृष्टी अधू होत चालली आहे, हेही कोणाच्या ध्यानात आले नाही. सुटका होई ती वर्षातून एकदा, नाताळात लंडनला मावशीकडे गेल्यावर. तिथेही त्याने तक्रारीचा शब्द काढला नाही. १८७७ मध्ये आई आली आणि तिने मुलांना तेथून हलविले. हा काळ त्याने पुढे ‘बा बा, ब्लॅक शीप’ या कथेत मांडला. ती कथा त्याच्या आईवडिलांना वाचवली नसेल, तर त्यात नवल नाही.

१८८२ मध्ये सतराव्या वर्षात असलेला किपलिंग लाहोरच्या ‘सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट’मध्ये उपसंपादक म्हणून रुजू झाला. तिथून अलाहाबादच्या ‘पायोनिअर’मध्ये. १८८९ मध्ये त्याने हिंदुस्थान सोडला तेव्हा कथाकार म्हणून त्याचे नाव झाले होते.

‘जंगल बुक’ मात्र जंगलापासून हजारो मैल दूर लिहिले गेले. अमेरिकन पत्नी कॅरोलाइन हिच्यासह तो व्हरमाँटमध्ये राहत होता. बाहेर बर्फ साचलेले असताना डिसेंबर १८९२ मध्ये तिथे त्याची पहिली मुलगी जोसेफिन जन्मली. याच सुमारास मोगलीच्या कथा आकाराला आल्या. १८९४ मध्ये पहिला आणि १८९५ मध्ये दुसरा भाग प्रसिद्ध झाला. पुस्तकासाठी चित्रे काढणाऱ्यांत लॉकवूड किपलिंगही होते. कथा घडतात त्या सिवनीच्या, म्हणजे विदर्भाला लागून असलेल्या सातपुड्याच्या रानात. ते रान किपलिंगने उभे केले ते प्रामुख्याने इतरांच्या शिकारवर्णनांच्या आधारे.

पुस्तक आणि पडद्यावरचा मोगली यांत अंतर आहे. १९६७ च्या डिस्ने चित्रपटातला बल्लू हा खुशालचेंडू अस्वल आहे, पुस्तकातला बल्लू जंगलचा कायदा शिकविणारा कडक मास्तर. बघीराच्या हनुवटीखाली गळपट्ट्याची खूण आहे, कारण तो उदयपूरच्या राजाच्या पिंजऱ्यात जन्मला. मेसुआ नावाच्या बाईचे मूल वाघाने नेले आहे आणि मोगलीत ती आपला हरवलेला नाथू शोधते. कळपातून बाहेर पडताना मोगलीच्या डोळ्यांत पाणी येते, पण ते काय आहे हे त्याला कळत नाही. साउथसीच्या मुलाने लिहिलेली ही गोष्ट आहे, हे ध्यानात घेऊन वाचली की ती निराळी वाटते.

मेव्हण्याशी झालेल्या भांडणामुळे किपलिंग कुटुंब १८९६ मध्ये इंग्लंडला परतले. फेब्रुवारी १८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या भेटीत किपलिंग आणि जोसेफिन दोघांनाही न्यूमोनिया झाला. ६ मार्चला सहा वर्षांची जोसेफिन गेली. बाप स्वतःच मृत्यूच्या दारात असल्याने ही बातमी त्याच्यापासून काही दिवस लपवावी लागली. त्यानंतर त्याने अमेरिकेत पाऊल ठेवले नाही. तिला सांगितलेल्या गोष्टी १९०२ मध्ये ‘जस्ट सो स्टोरीज’ या नावाने छापल्या गेल्या. शब्द जराही बदललेला तिला खपत नसे, म्हणून ते नाव. १९०७ मध्ये त्याला साहित्याचे नोबेल मिळाले, इंग्रजीत लिहिणाऱ्याला मिळालेले पहिलेच.

आपल्याकडे किपलिंगचे नाव निघाले की साम्राज्यवादी हा शिक्का येतोच, आणि तो खोटा नाही. गोऱ्यांवर इतरांना सुधारण्याची जबाबदारी आहे, असे मानणारा हा कवी. जालियनवाला बागेनंतर जनरल डायरसाठी उभारलेल्या निधीत त्यानेही वर्गणी घातली. याच निष्ठेची किंमत त्याला घरातच मोजावी लागली. मुलगा जॉन याला अधू दृष्टीमुळे सैन्याने नाकारले होते. बापाने लॉर्ड रॉबर्ट्स यांच्याकडे शब्द टाकून त्याला आयरिश गार्ड्समध्ये घेतले जाईल, अशी व्यवस्था केली. सप्टेंबर १९१५ मध्ये फ्रान्समधील लूसच्या लढाईत जॉन बेपत्ता झाला. त्याला अठरावे वर्ष पूर्ण होऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते. मृतदेह मिळाला नाही. किपलिंगने त्याच्या पलटणीतील सैनिकांना गाठून वर्षानुवर्षे चौकशी केली, युद्धात पडलेल्यांच्या कबरी राखणाऱ्या आयोगावर काम केले आणि आयरिश गार्ड्सचा दोन खंडांचा इतिहास लिहिला. त्यात स्वतःच्या मुलाचा उल्लेख त्याने इतर अधिकाऱ्यांप्रमाणेच त्रोटक ठेवला.

१८ जानेवारी १९३६ रोजी, लग्नाच्या ४४ व्या वाढदिवशी, किपलिंगचे लंडनमध्ये निधन झाले. तीन मुलांपैकी मागे उरली ती एल्सी. ती १९७६ मध्ये, अपत्याविना वारली. तिच्या विम्पोल हॉल या घरातील ग्रंथसंग्रहात २०१० मध्ये ‘जंगल बुक’ची पहिल्या आवृत्तीची प्रत आढळली. हे पुस्तक आपल्या जोसेफिनसाठी लिहिले आहे, असे तिच्यावर किपलिंगने मे १८९४ मध्ये स्वहस्ते नोंदविले होते. तेव्हा ती दीड वर्षाचीही नव्हती.