जुलैचा तक्ता आणि गिल हॉजेस

जुलै महिन्यात अमेरिकेतील बेसबॉलचा मोसम मध्यावर येतो. १६२ सामन्यांपैकी निम्म्याहून अधिक सामने झालेले असतात, ऑल-स्टार सामन्यानिमित्त खेळाडूंना थोडी उसंत मिळते आणि शहराशहरांत एकच चर्चा रंगते : आपला संघ प्लेऑफमध्ये पोहोचणार की नाही? क्रिकेटवर पोसलेल्या आपल्यासारख्यांना या चर्चेतील ‘पाच सामने मागे’, ‘दहा सामने मागे’ ही भाषा प्रारंभी अनोळखी वाटते. तिचा हिशेब मात्र सोपा आहे. आघाडीवरील संघाचे जास्तीचे विजय आणि आपल्या संघाचे जास्तीचे पराभव यांची बेरीज करून तिचे दोन भाग केले, की आपण किती मागे आहोत ते कळते. न्यूयॉर्कमध्ये जेव्हा जेव्हा मेट्स संघाचा हा आकडा वाढू लागतो, तेव्हा जुनी मंडळी १९६९ सालची आठवण काढतात. त्या आठवणीच्या केंद्रस्थानी गिल हॉजेस हा एक मितभाषी मनुष्य उभा असतो.

खाणीपासून ब्रुकलिनपर्यंत

हॉजेस यांचा जन्म ४ एप्रिल १९२४ रोजी इंडियाना राज्यातील प्रिन्स्टन या गावी झाला. वडील कोळशाच्या खाणीत कामाला होते. त्या कामाची किंमत त्यांनी स्वतःच्या शरीराने मोजली होती आणि आपल्या मुलांनी खाणीत उतरू नये, अशी त्यांची इच्छा होती. बेसबॉलने ती पूर्ण केली. १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, हॉजेस ब्रुकलिन डॉजर्सकडून पहिला सामना खेळले. त्यानंतर ते मरीन दलात दाखल झाले. पॅसिफिकमधील टिनियन आणि ओकिनावा येथे त्यांनी विमानविरोधी तुकडीत काम केले व ब्राँझ स्टार हे पदक मिळवले. घरी परतल्यावर युद्धाविषयी ते क्वचितच बोलत.

डॉजर्समध्ये त्यांची सुरुवात कॅचर म्हणून झाली. पुढे रॉय कॅम्पनेला हा असामान्य कॅचर संघात आला आणि हॉजेस फर्स्ट बेसवर गेले. त्या जागेवरील त्यांच्या काळातील सर्वोत्तम खेळाडूंत त्यांची गणना होऊ लागली. ३१ ऑगस्ट १९५० रोजी त्यांनी एकाच सामन्यात चार होम रन मारले. आठ मोसमांत त्यांची ऑल-स्टार संघात निवड झाली आणि कारकिर्दीअखेर त्यांच्या नावावर ३७० होम रन जमा होते. जॅकी रॉबिन्सन, पी वी रीस, ड्यूक स्नायडर अशा दिग्गजांच्या त्या संघात आवाज न चढवणारा माणूस म्हणून ते ओळखले जात.

१९५२ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये मात्र त्यांच्या बॅटने पुरती दगा दिली. यांकीजविरुद्धच्या सात सामन्यांत एकवीस वेळा प्रयत्न करूनही त्यांना एकही हिट मिळाली नाही. इतर कोणा खेळाडूची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली असती. ब्रुकलिनच्या लोकांनी हॉजेस यांना धीराची पत्रे लिहिली, जपमाळा पाठवल्या. पुढच्या वसंतातही त्यांची बॅट चालेना, तेव्हा एका चर्चमधील धर्मगुरूने उकाड्याचे कारण देऊन प्रवचन आवरते घेतले आणि भाविकांना हॉजेससाठी प्रार्थना करण्यास सांगून घरी पाठवले. त्या १९५३ च्या मोसमाअखेरीस हॉजेस यांची सरासरी .३०२ होती, होम रन ३१ आणि त्यांच्या बॅटमुळे आलेल्या धावा १२२. मोसमाच्या आरंभीचे आकडे पाहून माणसाला मोडीत काढू नये, हा धडा त्यांना असा स्वतःच्या अनुभवातून मिळाला होता.

१९५५ मध्ये ब्रुकलिनने आपले पहिले आणि एकमेव जगज्जेतेपद मिळवले. सातव्या, निर्णायक सामन्यात डॉजर्स २–० असे जिंकले. त्या दोन्ही धावा हॉजेस यांनी मिळवून दिल्या होत्या. १९५७ नंतर संघ लॉस एंजेलिसला गेला, तेव्हा हॉजेसही गेले. पण त्यांच्या पत्नी जोन मूळच्या ब्रुकलिनच्या होत्या आणि कुटुंबाचे मन तिथेच होते. १९६२ मध्ये न्यूयॉर्कला मेट्स हा नवा संघ मिळाला आणि हॉजेस त्या संघातून खेळण्यासाठी परतले. मेट्सच्या इतिहासातील पहिला होम रन त्यांचाच. त्या पहिल्या वर्षी संघाने ४० सामने जिंकले आणि १२० गमावले.

थट्टेचा विषय झालेला संघ

गुडघे साथ देईनात, तेव्हा १९६३ मध्ये हॉजेस खेळाडूपण सोडून वॉशिंग्टन सेनेटर्स या तळाच्या संघाचे मॅनेजर झाले. त्यांच्या हाताखाली तो संघ दरवर्षी थोडा थोडा वर सरकत गेला आणि १९६७ मध्ये ७६ विजयांपर्यंत पोहोचला. मेट्सची अवस्था तेव्हाही दयनीय होती. स्थापनेपासूनच्या सात मोसमांत दहा संघांच्या नॅशनल लीगमध्ये हा संघ नवव्या क्रमांकाच्या वर कधी गेला नव्हता. त्याच्या पराभवांवर विनोद होत आणि प्रेक्षकही ते विनोद ऐकायलाच येत की काय, असे वाटे. १९६७ च्या अखेरीस मेट्सने एक पिचर आणि एक लाख डॉलर देऊन वॉशिंग्टनकडून हॉजेस यांना मागून घेतले.

हॉजेस यांना हे विनोद मंजूर नव्हते. वेळेवर येणे, चूक टाळणे, धावताना कसर न ठेवणे अशा साध्या गोष्टींबाबत ते कठोर होते. शिक्षा करताना मात्र चारचौघांत कोणाचा पाणउतारा करत नसत. टॉम सीव्हर, जेरी कूसमन, नोलन रायन अशा तरुण पिचरांचे खांदे जपण्यासाठी त्यांनी आणि पिचिंग प्रशिक्षक रूब वॉकर यांनी चारऐवजी पाच पिचरांची पाळी लावली. १९६८ चा मोसम ७३ विजयांवर संपत आला असताना, २४ सप्टेंबर रोजी अटलांटा येथे सामना चालू असतानाच हॉजेस यांना हृदयविकाराचा झटका आला. तेव्हा त्यांचे वय होते ४४. ते पुन्हा मैदानात दिसतील की नाही, याची खात्री नव्हती. पुढच्या वसंतात ते सरावशिबिरात हजर झाले.

१९६९ : अर्धा मोसम आणि उरलेला

त्या वर्षी बेसबॉलची रचनाच बदलली. तोवर प्रत्येक लीगचा अव्वल संघ थेट वर्ल्ड सीरिजमध्ये जाई. आता प्रत्येक लीगमध्ये बारा संघ झाले, त्यांचे पूर्व आणि पश्चिम असे दोन विभाग पडले आणि विभागविजेत्यांमध्ये पाच सामन्यांची प्लेऑफ मालिका सुरू झाली. मेट्सच्या पूर्व विभागात शिकागो कब्ज आणि गतवर्षीचे लीगविजेते सेंट लुईस कार्डिनल्स होते. मेट्सने मोसमाचा पहिलाच सामना माँट्रियलच्या नवजात संघाकडून ११–१० असा गमावला. मे महिन्यात अठरा विजय आणि अठरा पराभव अशी बरोबरी साधली, तेव्हा पत्रकारांना जल्लोषाची अपेक्षा होती. खेळाडूंना त्यात साजरे करण्याजोगे काही दिसले नाही. मेअखेरीपासून त्यांनी सलग अकरा सामने जिंकले. जूनच्या मध्यास डॉन क्लेंडेनॉन हा जोरकस फलंदाज माँट्रियलहून संघात आला.

जुलैमध्ये कब्ज न्यूयॉर्कला आले. पहिला सामना मेट्सने शेवटच्या इनिंगमध्ये तीन धावा काढून जिंकला. दुसऱ्या दिवशी सीव्हरने पंचवीस फलंदाज ओळीने बाद केले. सव्विसाव्याने हिट मिळवल्यामुळे परिपूर्ण सामन्याचा विक्रम हुकला. प्लेऑफचा विचार आता कोणालाही हास्यास्पद वाटत नव्हता. पण जुलैचा शेवट कडवट झाला. ३० तारखेला ह्यूस्टनविरुद्ध एकाच दिवशी दोन सामने होते. पहिल्यात १६–३ असा धुव्वा उडाला. दुसऱ्यात तिसऱ्या इनिंगमध्येच प्रतिस्पर्ध्यांनी दहा धावा लुटल्या. त्या पडझडीत ओलसर मैदानावर लेफ्ट फील्डमधील क्लिऑन जोन्स एका चेंडूमागे मरगळल्यासारखा धावला.

जोन्स हा मेट्सचा त्या वर्षीचा सर्वोत्तम फलंदाज. हॉजेस डगआउटमधून सावकाश बाहेर पडले. सर्वांना वाटले, ते पिचर बदलणार. ते पिचरपाशी थांबले नाहीत, शॉर्टस्टॉपला ओलांडून चालतच राहिले आणि थेट जोन्सपाशी पोहोचले. दोन शब्द बोलून ते त्याच संथ चालीने परतले. जोन्स त्यांच्यामागून निघाला. पायाच्या दुखण्यामुळे त्याला विश्रांती दिली, असे जाहीर झाले. जे समजायचे ते संघातील प्रत्येक जण समजला. सर्वात मोठ्या खेळाडूलाही जे माफ नाही ते इतरांना कसे असेल? त्या प्रसंगाने जोन्स खचला नाही. मोसमाअखेरीस त्याची सरासरी.३४० होती.

मात्र एका प्रसंगाने संघ लगेच पालटतो, असे खऱ्या आयुष्यात घडत नाही. ऑगस्टच्या मध्यास ह्यूस्टनने मेट्सला पुन्हा तीनदा हरवले आणि मेट्स तिसऱ्या क्रमांकावर, कब्जच्या दहा सामने मागे फेकले गेले. मोसमाचे ४९ सामने उरले होते. कोणत्याही जाणकाराने तो तक्ता पाहून मेट्सची आशा सोडली असती आणि त्याचे चुकले असते, असेही म्हणता येत नाही.

हॉजेस यांनी काही नवे केले नाही, हेच महत्त्वाचे. समोरचा पिचर डावखुरा की उजवा, हे पाहून ते अर्धा संघ बदलत. त्यामुळे बाकावर बसणाऱ्यालाही आपली पाळी येणार हे ठाऊक असे आणि मुख्य खेळाडू ताजे राहत. शिकागोत लिओ ड्युरोचर आपले तेच खेळाडू रोज, भर उन्हात उतरवत होते. सप्टेंबर उजाडला तेव्हा कब्जचे पाय जड झाले होते. मेट्सने उरलेल्या ४९ पैकी ३८ सामने जिंकले. पिट्सबर्गमध्ये एकाच दिवशी दोन्ही सामने १–० असे जिंकले आणि दोन्ही वेळा ती एकमेव धाव पिचरच्या बॅटमुळे आली. सेंट लुईसच्या स्टीव्ह कार्लटनने १९ फलंदाज स्ट्राइक-आउट केले, तरी रॉन स्वोबोडाच्या दोन होम रनमुळे तोही सामना मेट्सचाच झाला. १० सप्टेंबरला संघ प्रथमच अव्वल स्थानी आला आणि २४ सप्टेंबरला विभागाचे विजेतेपद निश्चित झाले. हॉजेस यांना हृदयविकाराचा झटका येऊन त्या दिवशी बरोबर एक वर्ष होत होते.

१०० विजय आणि कब्जवर आठ सामन्यांची आघाडी अशी मोसमाची सांगता झाली. इतिहासातील पहिल्या प्लेऑफ मालिकेत मेट्सने अटलांटाला तीन सरळ सामन्यांत हरवले. समोरचे पिचर उजवे असल्याने क्लेंडेनॉनला हॉजेस यांनी त्या मालिकेत एकदाही उतरवले नाही. वर्ल्ड सीरिजमध्ये १०९ सामने जिंकून आलेल्या बाल्टिमोर ओरिओल्सविरुद्ध डावखुऱ्या पिचरांपुढे तोच क्लेंडेनॉन मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पाचव्या सामन्यात चेंडू जोन्सच्या पायाला लागला की नाही, यावर वाद झाला. हॉजेस शांतपणे चेंडू घेऊन अंपायरकडे गेले आणि त्यावरील बूटपॉलिशचा डाग दाखवला. जोन्सला बेस मिळाला आणि पाठोपाठ क्लेंडेनॉनने होम रन मारला. १६ ऑक्टोबर १९६९ रोजी मेट्स ४–१ अशा फरकाने जगज्जेते झाले.

उरलेले आयुष्य

पुढील दोन्ही मोसमांत मेट्सला ८३ विजय मिळाले आणि प्लेऑफ हुकले. २ एप्रिल १९७२ रोजी, ईस्टरच्या रविवारी, फ्लोरिडात सहकारी प्रशिक्षकांबरोबर गोल्फ खेळून परतताना हॉजेस यांना पुन्हा हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांचे निधन झाले. दोन दिवसांनी ते ४८ वर्षांचे झाले असते. ब्रुकलिनच्या होली क्रॉस दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. मेट्सने त्यांचा १४ हा क्रमांक निवृत्त केला. ब्रुकलिन आणि रॉकअवे यांना जोडणाऱ्या पुलाला त्यांचे नाव देण्यात आले.

हॉल ऑफ फेमने मात्र त्यांना ताटकळत ठेवले. पत्रकारांच्या मतदानात पंधरा वर्षे त्यांचे नाव होते, पण आवश्यक ७५ टक्के मते कधीच पडली नाहीत. अखेर डिसेंबर २०२१ मध्ये विशेष समितीने त्यांची निवड केली. मृत्यूनंतर जवळपास पन्नास वर्षांनी, जुलै २०२२ मध्ये, त्यांचे नाव तिथे कोरले गेले. पंचाण्णव वर्षांच्या जोन यांनी तो सन्मान पाहिला आणि त्यानंतर दोनच महिन्यांत त्यांनीही जगाचा निरोप घेतला.

दहा सामने मागे असलेले बहुतेक संघ सप्टेंबरअखेर मागेच राहतात, हे खरे आहे. हॉजेस यांचे चरित्र ते गणित खोटे ठरवत नाही. आजचा सामना नीट खेळणे एवढेच आपल्या हातात आहे, असे मानणारा मनुष्य तक्ता कसा वाचतो, हे त्यातून कळते. परक्या देशात नोकरीची, व्हिसाची, पदोन्नतीची क्रमवारी रोज पाहत जगणाऱ्या आपल्यासारख्यांनाही हे वाचन परके वाटू नये. जुलैचा तक्ता बिनचूक असतो. फक्त तो जुलैचा असतो.