भूल देण्याचा इल्म शिकलेली हैदराबादची लेक: डॉ. रूपाबाई फर्दूनजी

घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं की आपल्याकडे पहिला सवाल हाच असतो: भूल उतरेल ना? सव्वाशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या डॉक्टरांनाही हीच धास्ती होती. तिचं उत्तर शोधायला मोठे प्रयोग झाले ते हैदराबादेत. नांदेड-लातूरचा आपला मुलूख तेव्हा त्याच निझाम रियासतीत होता. त्या काळात भूल देण्याच्या कामात नाव कमावणाऱ्या डॉ. रूपाबाई फर्दूनजी यांची ओळख आज आम्ही करून देत आहोत.

रूपाबाई पारशी घराण्यातल्या. हैदराबादचं मेडिकल स्कूल 1846 साली चौथे निझाम नासिरुद्दौला यांच्या काळात सुरू झालं. सुरुवातीला तिथली डॉक्टरीची तालीम चक्क उर्दूत होती आणि पास होणाऱ्याला ‘हकीम’ ही पदवी मिळायची. 1885 मध्ये तिथे पाच मुलींना दाखला मिळाला, त्यांत रूपाबाई होत्या. मुलींनी डॉक्टर होणं हीच तेव्हा नवलाची गोष्ट होती.

त्यांचे उस्ताद होते रेसिडेन्सी सर्जन डॉ. एडवर्ड लॉरी. भुलीसाठी तेव्हा क्लोरोफॉर्म वापरत. त्याची वाफ श्वासातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाते. माणसाची शुद्ध हरपते, वेदना कळत नाही. पण मात्रा जास्त झाली तर श्वास चालवणारं मेंदूतलं केंद्रच थंडावतं. काही पेशंट टेबलावरच दगावत. आधी श्वास थांबतो की हृदय, यावर डॉक्टरांत मोठा वाद होता. लॉरी सांगत, श्वासावर नजर ठेवा.

सहावे निझाम महबूब अली खान यांनी या शोधासाठी खजिना खुला केला. 1888 मध्ये पहिलं ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन’ बसलं. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने त्याच्या निष्कर्षावर शंका घेतली, तेव्हा निझामांनी 1000 पौंड देऊन तिथला जाणकार बोलावला. 1889 मध्ये डॉ. लॉडर ब्रंटन आले आणि शेकडो प्राण्यांवर पुन्हा प्रयोग झाले. हृदय आधी थांबू शकतं असं मानून आलेल्या ब्रंटन यांनी शेवटी लॉरींचं म्हणणं कबूल केलं.

याच वातावरणात रूपाबाई तयार झाल्या. 1889 ते 1917 त्यांनी रेसिडेन्सी हॉस्पिटल, अफजलगंज आणि व्हिक्टोरिया जनाना हॉस्पिटलात भूल देण्याचं काम केलं. आजच्यासारखे मॉनिटर नव्हते. थेंबांचा अंदाज आणि पेशंटच्या श्वासावर खिळलेली नजर, एवढाच भरवसा. जगातल्या सुरुवातीच्या महिला भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते.

त्याच सुमारास लंडनमध्ये सर व्हिक्टर हॉर्स्ली मेंदूची ऑपरेशनं करत होते, तीही क्लोरोफॉर्मखालीच. ईथरने रक्तदाब वाढून मेंदूतून जास्त रक्त वाहतं, म्हणून त्यांनी क्लोरोफॉर्म पसंत केला. म्हणजे भूल नीट देता आली, तरच मेंदूला हात लावता येत होता.

1909 मध्ये, वीस वर्षांच्या अनुभवानंतर, रूपाबाई एडिनबर्गला गेल्या आणि भौतिक व रसायनशास्त्र शिकल्या. जे औषध रोज हाताळतो ते मुळातून समजावं, ही ओढ. पुढे 1911 मध्ये लंडनच्या डॉ. गुडमन लेव्ही यांनी सिद्ध केलं की भूल हलकी असताना क्लोरोफॉर्म अचानक हृदयही बंद पाडू शकतं. कमिशनचा निष्कर्ष अपुरा ठरला. पण श्वासावर लक्ष ठेवण्याची शिस्त वाया गेली नाही. ती आजही पाळली जाते. इल्म असाच पुढे जातो, आधीच्याची चूक दुरुस्त करत आणि चांगलं ते जपत.

1920 मध्ये रूपाबाई चादरघाट हॉस्पिटलच्या सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त झाल्या.

आज लातूर-नांदेडच्या क्लासेसमध्ये आपल्या कितीतरी मुली नीटची तयारी करतात. सर्जनचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पेशंटच्या उशाशी बसून त्याचा श्वास सांभाळणाऱ्या डॉक्टरचं कुणी विचारत नाही. मुलींना ही वाटही दाखवा. आणि घरात ऑपरेशन असेल तेव्हा भूलतज्ज्ञांपासून काही लपवू नका: चालू गोळ्या, दमा, तंबाखू, शेवटचं खाणं-पिणं कधी झालं, सगळं खरं सांगा. त्यांचं अर्धं काम तिथेच सोपं होतं.