पाषाणाचा भार तोलणारा सागरेरा

किल्ले राजांच्या नावाने ओळखले जातात. ते उभारणाऱ्या पाथरवटांची नावे बहुधा चिऱ्यांखालीच राहून जातात. स्पेनच्या पूर्वेस भूमध्य समुद्रात मायोर्का नावाचे बेट आहे. तेथील एका पाथरवटाचे नाव मात्र पाच शतके लोटली तरी पुसले गेलेले नाही. तो म्हणजे गिल्येम सागरेरा. त्याचे चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थी वाचकांपुढे ठेवीत आहोत.

इ. स. १३८० च्या सुमारास फेलानिच या गावी पाथरवटाच्या घराण्यात त्याचा जन्म झाला. छिन्नी-हातोड्याचे शिक्षण त्याला घरातच मिळाले. पुढे पेर्पिन्याँ येथील मोठ्या चर्चच्या बांधकामाचा तो प्रमुख झाला.

त्याचे कसब समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दगडी कमानदार छत नुसते खाली दाबत नाही. ते भिंतींना बाहेरही रेटते. म्हणून कारागीर प्रथम लाकडी साच्यावर दगडी फासळ्या उभारीत आणि त्यांमधील जागा पातळ दगडांनी भरून काढीत. छताचा भार या फासळ्यांवाटे नेमक्या ठिकाणी उतरे. तेवढी ठिकाणे भक्कम केली म्हणजे बाकीच्या भिंतीत मोठ्या खिडक्या ठेवता येत.

१४१६ साली जिरोना येथील चर्चविषयी मोठा वाद उपस्थित झाला. तीन दालने बांधावीत, की एकच विशाल दालन बांधावे? बारा स्थपतींचे मत घेण्यात आले. बहुसंख्यांनी तीन दालनांचा सुरक्षित मार्ग सुचविला. सागरेराने मात्र एका दालनाचा पक्ष घेतला. चर्चच्या अधिकाऱ्यांनी अखेर तोच मार्ग स्वीकारला. सुमारे २३ मीटर रुंदीचे ते दालन आजही उभे आहे.

१४२६ मध्ये पाल्मा शहरातील व्यापाऱ्यांनी आपल्या सभागृहाचे काम त्याला सोपविले. बारा वर्षांत, ठराविक रकमेत काम पुरे करण्याचा करार झाला. सभागृहात त्याने सहाच सडपातळ खांब उभे केले. त्यांना पीळ आहे, पण माथ्यावर शीर्ष नाही. ताडाच्या झावळ्यांप्रमाणे खांबांतूनच फासळ्या फुटतात आणि छताचे बारा भाग तोलून धरतात. दारावरील देवदूताची मूर्तीही त्याचीच. परंतु मुदत टळली, व्यापाऱ्यांशी तंटा झाला, आणि ही अप्रतिम वास्तू अपुरी टाकून त्याला निघावे लागले. शेवटचा हात तिच्यावरून दुसऱ्यांचा फिरला.

नेपल्स जिंकून घेणाऱ्या आल्फोन्सो राजाने १४४७ च्या सुमारास त्याला तेथील कास्तेल नुओव्हो या किल्ल्याच्या कामावर बोलाविले. त्या वेळी इटलीत प्राचीन रोमच्या शैलीचा नव्याने उदय होत होता. याच किल्ल्याच्या दाराशी तशी संगमरवरी कमान उभी राहावयाची होती. सागरेराने मात्र राजदरबाराच्या दालनावर आपल्या परिचयाच्या फासळ्यांचेच छत योजिले. दालन चौरस, बाजू सुमारे २६ मीटर. कोपरे साधून त्याने चौरसाचा अष्टकोन केला, आणि वर चांदणीसारखे फासळ्यांचे जाळे विणले. मध्यभागी, जेथे एरवी शेवटचा दगड बसवितात, तेथे प्रकाशासाठी गोल झरोका ठेविला. आधारास एकही खांब नाही!

हे छत पुरे होण्यापूर्वीच १४५४ मध्ये नेपल्स येथे त्याचे देहावसान झाले. त्याच्या घराण्यातील माणसांनी ते काम सिद्धीस नेले. १४८३ मध्ये वालेन्सिया येथे व्यापाऱ्यांचे नवे सभागृह बांधावयास घेतले, तेव्हा पेरे कोम्प्ते या स्थपतीने पाल्माप्रमाणेच पिळाचे खांब उभारले.

पाल्माचे सभागृह दुसऱ्यांनी संपविले, नेपल्सचे छत आप्तांनी, आणि जिरोनाचे दालन तर सतराव्या शतकाच्या प्रारंभी पुरे झाले. आपल्या श्रमांचे पूर्ण रूप सागरेराला पाहावयास मिळाले नाही. तथापि भार कोठे उतरेल हे त्याने अचूक जाणले होते. म्हणूनच मागून आलेल्यांना त्याच्या पायावर निर्धास्तपणे दगड चढविता आले. कार्याची अखेर आपल्या हाती नसते. पाया पक्का घालणे मात्र असते, हे आम्हांस त्याच्या चरित्रातून दिसते.