छोटं इंजिन बोअर करून मोठं होतं का? शंतनुराव किर्लोस्कर आणि त्यांच्या ‘पाच एचपी’ची गोष्ट

लातूर असो की नांदेड, बोअरिंगचं काम करणाऱ्या वर्कशॉपमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. ब्लॉक उघडलाच आहे, तर बोअर जरा जास्तच मोठा करून इंजिनाची ताकद वाढवून घेता येईल का? विचारणाऱ्याकडे कधी जुनी मारुती असते, कधी विहिरीवरचं डिझेल इंजिन.

त्या विहिरीवरच्या इंजिनावर अनेकदा ‘किर्लोस्कर’ हे नाव असतं. ते इंजिन घडवणारी कंपनी उभी करणाऱ्या शंतनुरावांच्या कारखान्यातच या प्रश्नाचं उत्तर सापडतं.

शंतनुरावांचा जन्म २८ मे १९०३ चा, सोलापूरचा. वडील लक्ष्मणराव तेव्हा बेळगावात धडपडत होते. सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून ते कडबा कापायच्या यंत्राकडे आणि मग लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडानं जमीन नासते असा समज असल्यानं पहिले नांगर विकता विकता त्यांच्या नाकी नऊ आले. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजांनी माळरान दिलं आणि १९१० मध्ये तिथं किर्लोस्करवाडी वसली. शंतनुराव वाढले ते याच वाडीत, भट्टी आणि लेथच्या आवाजात.

पुढे ते अमेरिकेतल्या एमआयटीत मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकले. १९२६ ला पदवी घेऊन परतले आणि वडिलांच्या कारखान्यात लागले. नांगर आणि पंप होतेच. १९४१ मध्ये किर्लोस्करांनी म्हैसूर संस्थानातल्या हरिहरला लेथचा कारखाना काढला. आजही जुन्या वर्कशॉपमध्ये हरिहरचा लेथ दिसला की मिस्त्री त्याच्याकडे जरा आदरानंच बघतात.

पण पंप फिरवणार कोण? गावात वीज नाही, विहिरीवर मोट आणि धावेवर बैल. मराठवाडा तर तेव्हा निजामाच्या राज्यात होता. गोदावरी आणि मांजरा काठोकाठ असल्या तरी पाणी उचलायला बैलांशिवाय दुसरं साधन क्वचितच होतं. शंतनुरावांनी १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स सुरू केली आणि खडकीचा कारखाना उभा राहिला. तंत्रज्ञानासाठी ब्रिटिश कंपनीचं सहकार्य घेतलं. दोन वर्षांनी हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि लातूर-नांदेडचा शेतकरीही याच बाजारात आला.

या कंपनीचं घराघरांत पोचलेलं इंजिन म्हणजे एव्ही-१, लोकांच्या भाषेत ‘पाच एचपी’. एकच सिलिंडर, ८० मिमी बोअर, ११० मिमी स्ट्रोक, ५५३ सीसी, मिनिटाला १५०० फेरे. ब्रिटनच्या पेटर कंपनीच्या एव्ही-१ ची मापंही हीच.

बोअर म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, स्ट्रोक म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास. क्षमता व्यासाच्या वर्गानं वाढते, म्हणून बोअर मोठा करायचा मोह होतो. १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरी खोल गेल्या, पाणी जास्त उंचीवर चढवायचं होतं. अशा वेळी पाच एचपीचं सात एचपी झालं तर कुणाला नकोय?

किर्लोस्करांचंच टीव्ही-१ हे इंजिन बघा. स्ट्रोक तोच ११० मिमी, बोअर मात्र ८७.५. क्षमता ६६१ सीसी, ताकद साधारण सात एचपी. साडेसात मिलिमीटरमध्ये क्षमता जवळपास वीस टक्क्यांनी वाढली. मग एव्ही-१ च कोरून टीव्ही-१ का करू नये?

कारण तो व्यास जुन्या लायनरच्या भिंतीतून काढता येत नाही. एव्ही-१ चा लायनर बदलता येतो, तो झिजला की नवा लायनर-पिस्टन किट टाकायचा आणि इंजिन पुन्हा ८० वर आणायचं. टीव्ही-१ ला लायनर वेगळा, पिस्टन वेगळा, कॉम्प्रेशनसुद्धा वेगळं, १६.५ ऐवजी १७.५. ताकद वाढली की क्रँक, बेअरिंग, डिझेल पंप, कूलिंग सगळ्यांवरचा भार वाढतो. म्हणजे मोठा बोअर हवा तर त्याच्या मापानं आखलेलं इंजिन हवं.

मारुती ८०० सारख्या गाडीचं थोडं निराळं. तिथं बोअर ब्लॉकमध्येच असतो, ६८.५ मिमीचा. तो झिजला, गाडी धूर मारायला आणि ऑईल प्यायला लागली, की पाव किंवा अर्धा मिलिमीटर वाढवून ओव्हरसाईज पिस्टन बसवतात. अर्धा मिलिमीटर वाढवल्यावर ७९६ सीसीत भर पडते जेमतेम १२ सीसीची. स्टिअरिंगवर बसणाऱ्याला ती कळणारही नाही. हे बोअरिंग झीज काढण्यासाठी असतं, ताकदीसाठी नाही.

त्याच्या पुढे गेलं की भिंत पातळ होते. तिच्या मागेच पाण्याचं जॅकेट असतं, आणि ओतकामात भिंतीची जाडी सगळीकडे सारखी असेलच असं नाही. पातळ भिंत गरम होऊन वाकते, रिंगा नीट टेकत नाहीत, शेजारच्या दोन सिलिंडरमध्ये हेड गॅस्केटला बसायला जागा उरत नाही. नशीब फारच वाईट असेल तर पाणी सिलिंडरमध्ये उतरतं आणि ब्लॉक भंगारात जातो. बोअर हाताबाहेर गेला असेल तर मिस्त्री स्लीव्ह ठोकून मूळ मापावर परत येतात, तो शहाणपणाचा रस्ता.

शंतनुरावांनीही मोठ्या इंजिनांसाठी वेगळी वाट धरली. अमेरिकेच्या कमिन्सबरोबर १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्स निघाली. ट्रक आणि जनरेटरच्या कामाची ही दणकट इंजिनं होती, शेतातल्या पाच एचपीशी त्यांचा संबंध नव्हता. १९६५ ला त्यांना पद्मभूषण मिळालं, त्याच सुमारास ते उद्योगपतींच्या फिक्की या संघटनेचे अध्यक्षही होते. २४ एप्रिल १९९४ रोजी त्यांचं निधन झालं. एव्ही-१ चे लायनर-पिस्टन किट त्यानंतरही दुकानांत मिळत राहिले, त्याच ८० मिमीच्या मापाचे.