हिऱ्यात रमलेले रामन

इतवारीच्या सराफ्यात हिरा घेणाऱ्यालाही आता तो खाणीतला की प्रयोगशाळेतला, हे विचारून घ्यावे लागते. हा निवाडा ज्या उपकरणांवर होतो, त्यांतील एकाला सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे नाव आहे. हेच रामन १९१० मध्ये सरकारी लेखाधिकारी म्हणून नागपुरात होते.

७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीजवळ जन्मलेले रामन १९०७ मध्ये वित्त खात्यात रुजू झाले. कोलकाता, रंगून, नागपूर अशा बदल्या झाल्या. १९११ मध्ये ते पुन्हा कोलकात्याला गेले. कचेरीच्या वेळेपूर्वी आणि नंतर प्रयोग, हा तेथील त्यांचा दिनक्रम होता. १९१७ मध्ये मोठ्या पगाराची नोकरी सोडून त्यांनी प्राध्यापकी पत्करली. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी ‘रामन परिणामा’चा शोध लागला आणि १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच वर्षी त्यांचे धाकटे बंधू सी. रामस्वामी यांनी हिऱ्याच्या वर्णपटातील १३३२ या अंकाची ठळक रेषा नोंदवली. पुढे बंगळुरूत रामन यांना हिऱ्याने झपाटले. पन्ना येथील हिऱ्यांसह अनेक हिरे त्यांनी तपासले. अतिनील किरणांत कोणता निळा उजळतो, कोणता काळोखा राहतो, हे बारकाईने नोंदवले. हिऱ्याचे दोन प्रकार कार्बनच्या मूळ रचनेतूनच निर्माण होतात, हे त्यांचे ठाम मत होते. कॅथलीन लॉन्सडेल यांच्यासारख्या स्फटिकतज्ज्ञांनी ते अमान्य केले. १९५९ मध्ये फरकाचे खरे कारण सापडले. ते होते हिऱ्यात मिसळलेला नायट्रोजन. रामन यांनी मात्र आपले मत सोडले नाही. २१ नोव्हेंबर १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच, डिसेंबर १९५४ मध्ये, अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने प्रचंड दाब व उष्णतेने कृत्रिम हिरा घडवला होता. आज मिथेन व हायड्रोजन वायूंपासूनही हिऱ्याच्या पातळ चकतीवर थरावर थर चढवून हिरा वाढवतात. तो काच वा नकली खडा नव्हे, हिराच असतो. म्हणूनच १३३२ ची रेषा दोघांतही दिसते. ती केवळ हिरा असल्याची ग्वाही देते. जन्मस्थान ओळखायला इतर खुणा लागतात. खाणीतल्या बहुतेक हिऱ्यांत नायट्रोजनचे अणू कोट्यवधी वर्षांत एकत्र गोळा झालेले असतात. वायूपासून वाढवलेल्या हिऱ्यात नायट्रोजन जवळपास नसतो. त्यात बहुधा सिलिकॉनचा अंश सापडतो. त्याची खूण लेसरच्या प्रकाशात उमटते आणि रामन वर्णपटमापकावरच टिपता येते.

रामन यांचा सिद्धांत टिकला नाही. ज्या नायट्रोजनला त्यांनी महत्त्व दिले नाही, तोच आज मुख्य साक्षीदार ठरला. हिऱ्याला प्रकाशात धरून त्याच्या उजळण्यातून त्याची जात वाचण्याची त्यांची रीत मात्र प्रयोगशाळांत आजही चालू आहे.