समजून घ्या : हेलन केलर सर्वसाधारण शाळेत कशा शिकल्या?

हेलन केलर म्हटले की पाण्याचा पंप आणि तळहातावर उमटलेला पहिला शब्द आठवतो. पण त्यांची खरी शैक्षणिक कसोटी लागली ती माध्यमिक शाळेत. विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्याला इतरांसोबत शिकवायचे तर काय लागते, हे त्या वर्षांतून कळते.

शाळेआधी काय घडले?
हेलनचा जन्म २७ जून १८८० रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात झाला. १९ महिन्यांची असताना आजारपणात तिची दृष्टी आणि श्रवणशक्ती गेली. मार्च १८८७ मध्ये शिक्षिका अ‍ॅन सुलिव्हन घरी आल्या. तळहातावर बोटांच्या खुणांनी एकेक अक्षर सांगत त्यांनी तिला भाषा शिकवली. पुढे ती न्यूयॉर्कमधील कर्णबधिरांच्या शाळेत शिकली.

सर्वसाधारण वर्गात अडचणी कोणत्या होत्या?
महाविद्यालयात जायचे म्हणून ऑक्टोबर १८९६ मध्ये, १६व्या वर्षी, तिने मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे मुलींच्या शाळेत प्रवेश घेतला. अशी विद्यार्थिनी तिथल्या शिक्षकांनी कधी शिकवली नव्हती. सुलिव्हन शेजारी बसून प्रत्येक तास तिच्या हातावर सांगत. हात ऐकण्यात गुंतलेला, त्यामुळे वर्गात टिपणे घेता येत नसत. गृहपाठ ती घरी टाइपरायटरवर करी. उठावाच्या लिपीतली पुस्तके वेळेवर मिळत नसत.

मुख्याध्यापक आर्थर गिलमन आणि जर्मनच्या शिक्षिका मात्र तिच्याशी थेट बोलता यावे म्हणून बोटांची लिपी शिकले. १८९७च्या पूर्वपरीक्षेत गिलमन यांनीच तिला प्रश्न हातावर सांगितले. टाइपरायटरच्या आवाजाने इतरांना त्रास नको म्हणून तिला वेगळी खोली दिली. ती सर्व विषयांत उत्तीर्ण झाली. जर्मन आणि इंग्रजीत विशेष गुण मिळाले.

मग शाळा का सोडली?
दुसऱ्या वर्षी गणितावर भर होता. फळ्यावरची भूमितीची आकृती तिला दिसणार कशी? ती उशीवर तारा टोचून आकृत्या बनवी. पुस्तके आणि साधने पुन्हा उशिरा आली. तिच्यावर ताण पडतो आहे, असे वाटून गिलमन यांनी तिचे तास कमी केले. त्यामुळे वर्गमैत्रिणींबरोबर अंतिम परीक्षा देणे शक्य होणार नव्हते. मतभेद वाढले आणि आईने तिला शाळेतून काढले. हेतू काळजीचा होता, पण अडचण साधनांची असताना कात्री अभ्यासाला लागली.

अंतिम परीक्षेत काय झाले?
पुढची तयारी मर्टन कीथ या खासगी शिक्षकांनी करून घेतली. १८९९च्या परीक्षेत सुलिव्हन यांना प्रश्न सांगायची परवानगी नव्हती. प्रश्नपत्रिका अमेरिकन ब्रेलमध्ये दिली गेली. हेलनला बीजगणितातली इंग्लिश ब्रेलची चिन्हे ठाऊक होती. अमेरिकन चिन्हे वेगळी. हे परीक्षेच्या दोन दिवस आधी लक्षात आले. घाईने नवी चिन्हे शिकून ती उत्तीर्ण झाली.

१९०० मध्ये तिने रॅडक्लिफ महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १९०४ मध्ये विशेष गुणवत्तेसह पदवी मिळवली. कला शाखेची पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या अंध-बधिर व्यक्ती. पुढे दिव्यांगांच्या हक्कांसाठी त्या देशोदेशी फिरल्या. १९५५ मध्ये भारतातही आल्या. १ जून १९६८ रोजी त्यांचे निधन झाले.

आज याचा अर्थ काय?
हेलनला जे ओळखीने, मैत्रीने किंवा नशिबाने मिळाले, ते भारतात २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने विद्यार्थ्याचा हक्क ठरवले आहे. सर्वांसोबत शिक्षण, प्रशिक्षित शिक्षक, योग्य स्वरूपातील पुस्तके, परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ यांची तरतूद त्यात आहे. दहावीला बसणाऱ्या अशा मुलाच्या पालकांनी ही सोय शाळेकडे वर्षाच्या सुरुवातीलाच मागावी. परीक्षेच्या तोंडावर धावपळ झाली की काय होते, ते हेलनच्या बीजगणिताच्या पेपरने दाखवले आहे.